शेजारचा परदेश

परदेशप्रवास ही आमच्या घरात केवळ वर्तमानपत्रात वाचण्याची गोष्ट. वडील रिक्षा चालवतात. बारावीच्या पुढे शिकणारा घरातला मीच पहिला. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला जायचे ठरले, तेव्हा मला तोच परदेश वाटला. तसे ते अगदीच खोटे नव्हते. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोव्यावर पोर्तुगिजांचेच राज्य होते. आम्ही तिघा मित्रांनी शिकवण्या करून पैसे साठवले. पण आयत्या वेळी गाडीचे तिकीट पक्के झाले नाही, बसचे भाडे आवाक्याबाहेर गेले आणि बेत फसला.

तोंडे पाडून बसलेल्या आम्हाला इतिहासाचे सर म्हणाले, "अरे, परदेशच पाहायचा ना? मग वसईला जा. शनिवार-रविवार पुरे."

शनिवारी सकाळी कांदिवलीहून विरार लोकल पकडली. भाईंदर सुटले, खाडीवरचा पूल ओलांडला आणि सहाव्या स्टेशनावर उतरलो. तेथून बसने किल्ल्यात.

किल्ला म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रायगड, प्रतापगड येतात. वसईचे तसे नाही. हे तटबंदीच्या आत वसवलेले एक शहरच होते. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगिजांना दिली. पुढे दोनशे वर्षे ही त्यांच्या उत्तरेकडील मुलखाची राजधानी होती. आज छपरे उडालेली चर्चे, झाडांच्या मुळांनी धरलेल्या भिंती आणि जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळा उरल्या आहेत. शिळांवरची अक्षरे रोमन, भाषा पोर्तुगीज. आम्ही एकेक अक्षर लावत होतो, पण अर्थ लागत नव्हता. परदेशात माणूस असाच निरक्षर होत असेल!

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी सुरुंग लावून तट फोडला आणि वसई घेतली. शरण आलेल्या सैन्याला त्यांनी सन्मानाने जाऊ दिले. चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटा त्यांपैकीच एक. पाठ्यपुस्तकात हे सारे एका ओळीत उरकले होते.

किल्ल्याबाहेर एक आजी सुकेळी विकत होत्या. गळ्यात क्रूस, बोलणे मराठी. त्यांनी विचारले, "कुठले रे तुम्ही?"

"कांदिवलीचे."

"मूळचे?"

"मी साताऱ्याकडचा."

"म्हणजे पाहुणेच की!" आजी हसल्या.

मी मात्र हसू शकलो नाही. आमच्या चाळीमागच्या गावठाणात ईस्ट इंडियन कुटुंबे राहतात. त्यांना 'बाहेरची माणसे' म्हणताना मी घरी कितीदा ऐकले आहे. मीही म्हटले आहे. वास्तविक ती येथलीच, या साष्टीतली जुनी माणसे. 'ईस्ट इंडियन' हे नावही त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा घेतले. नाव इंग्रजी म्हणून माणसे इंग्रज होत नाहीत. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, हे तरी मी कुठे लक्षात ठेवले होते?

रात्री घरी परतलो. रविवारी लांब न जाता बोरिवलीची मंडपेश्वर लेणी पाहिली. ही मुळात शिवाची लेणी. पोर्तुगीज काळात येथे चर्च झाले. माथ्यावर त्या काळच्या इमारतीचे अवशेष आहेत आणि आत शिल्पांच्या शेजारी दगडात क्रूस कोरलेला आहे. म्हणजे माझी कांदिवलीसुद्धा त्याच राज्यात होती. १७३७ साली साष्टीत मराठे आले, १७७४ साली इंग्रज आले, आणि फार नंतर, गावी पाणी नाही म्हणून, माझे आजोबा आले.

गोवा राहिला, तो पुढेमागे पाहीन. शिल्लक पैशांतून थोडी सुकेळी आणली होती. त्यांतली निम्मी आईने गावठाणातल्या शेजाऱ्यांकडे धाडली. द्यायला मीच गेलो. इतक्या वर्षांत त्यांच्या घराचा उंबरठा मी त्या दिवशी प्रथमच ओलांडला.