गांधीलमाशीच्या रूपातला पतंग

सेसिया एपिफॉर्मिस हा युरोपातला पतंग पहिल्या नजरेत कोणालाही गांधीलमाशी वाटतो. पोटावर काळे-पिवळे पट्टे, काचेसारखे पंख, त्यांत तपकिरी शिरा. पंखांचा विस्तार साधारण चार सेंटीमीटर. डिवचले तर तो गुणगुणतोही, पण त्याला नांगी नसते. तिथल्या मोठ्या गांधीलमाशीशी असलेले हे साम्य हेच त्याचे संरक्षण. दंशाच्या भीतीने पक्षी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. स्वीडनच्या कार्ल क्लेर्क यांनी १७५९ साली त्याला नाव दिले, त्याचा अर्थ मात्र ‘मधमाशीच्या आकाराचा’. इंग्रजीतले ‘हॉर्नेट मॉथ’ हे नाव अधिक नेमके आहे. कोषातून निघताना त्याच्या पंखांवरही इतर पतंगांसारखे खवले असतात, पण इतके सैल की पहिल्याच उड्डाणात ते झडून पंख पारदर्शक होतात.

हे देखणे रूप फार थोडे दिवस टिकते. आयुष्याचा जवळजवळ सगळा काळ झाडाच्या आत, अंधारात जातो. जून-जुलैत पहाटे पतंग बाहेर पडतात आणि पॉपलरच्या बुंध्यापाशी बसून राहतात. मादी गंध सोडून नराला बोलावते. मीलनानंतर ती शेकडो अंडी सालीच्या फटींत किंवा बुंध्याजवळ टाकते. प्रौढ पतंग काही खात नाही. अळीपणी साठवलेल्या चरबीवरच त्याचे भागते.

अंड्यातून निघालेली पांढुरकी, तपकिरी डोक्याची अळी साल पोखरून आत शिरते. बुंध्याचा खालचा भाग आणि जाड मुळे हे तिचे घर आणि अन्नही. लाकूड पचायला जड आणि कसहीन, म्हणून वाढ संथ होते. पूर्ण वाढायला दोन-तीन वर्षे लागतात. शेवटी ती लाकडाचा भुसा रेशमाने विणून सालीखाली कोष करते. वसंतात त्यात तिची प्युपा होते. प्युपाच्या पोटावर काट्यांच्या रांगा असतात. त्यांच्या आधाराने ती वळवळत सालीबाहेर अर्धी येते आणि पाठ फुटून पतंग निघतो. रिकामे कवच तिथेच अडकून राहते. ते आणि बुंध्यावरची गोल भोके हीच झाडात अळ्या असल्याची खूण. मोठे, निकोप झाड हा त्रास बहुधा सोसते; कोवळ्या रोपाला मात्र मुळे पोखरली जाणे जड जाते.