आठव्या वर्षी वयात येण्याची चाहूल. आधार घरातूनच हवा

कोलकाता : राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ हा वयोगट येतो. पश्चिम बंगालमधील ‘अन्वेषा’ आणि महाराष्ट्रातील ‘मैत्री’ ही सल्ला केंद्रे याच वयोगटासाठी आहेत. मुलींच्या स्तनांची वाढ मात्र आठव्या वर्षीही सुरू होऊ शकते. मधल्या काळात तिला समजावण्याची जबाबदारी पालकांवरच येते.

स्तनाग्राखालील लहानशी, हुळहुळणारी गाठ हे बहुधा पहिले लक्षण असते. ती आधी एकाच बाजूला येऊ शकते. हा आजार नव्हे. त्यानंतर साधारणतः दोन ते अडीच वर्षांनी पाळी येते. तिची माहिती मुलीला आधीच द्यावी.

पहिल्या ब्रासाठी ठरावीक वय नसते. कपडा टोचू लागला किंवा खेळताना अवघडल्यासारखे झाले, तर कोलकात्यासारख्या दमट हवेत मऊ सुती स्लिप पुरेशी ठरते. निवड मुलीच्या सोयीने व्हावी. चारचौघांत चर्चा वा थट्टा टाळावी. शरीर वाढले तरी मन बालकाचेच असते.

आठ वर्षांपूर्वीच लक्षणे दिसल्यास बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. अकाली वाढीमुळे उंची लवकर थांबू शकते. आवश्यक असल्यास औषधांनी ही प्रक्रिया काही काळ रोखता येते.