विश्लेषण : वर्षभराची तयारी, तीन मिनिटांचा सामना... ‘रोबोकॉन’मध्ये विद्यार्थ्यांची खरी परीक्षा कुठे असते?

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये शंभरदा अचूक चेंडू फेकणारा रोबो ऐन स्पर्धेच्या मैदानावर मात्र जागचा हलत नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमध्ये दर वर्षी चर्चेत असलेल्या ‘रोबोकॉन’ स्पर्धेत हे दृश्य नेहमीचेच. वर्षभराच्या मेहनतीचा निकाल अवघ्या काही मिनिटांत लावणारी ही स्पर्धा नेमकी काय आहे, तिची तयारी कशी चालते आणि रोबो ऐन वेळी का फसतो, याविषयी...

रोबोकॉन म्हणजे काय?

आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन, म्हणजेच ‘एबीयू’ या प्रसारण संस्थांच्या संघटनेने २००२मध्ये टोकियोत पहिली ‘एबीयू रोबोकॉन’ घेतली. तिचे मूळ जपानच्या ‘एनएचके’ वाहिनीने १९८८मध्ये सुरू केलेल्या विद्यार्थी स्पर्धेत आहे. भारतात दूरदर्शन राष्ट्रीय फेरी घेते, म्हणून तिला ‘डीडी रोबोकॉन’ म्हणतात. या फेरीतील विजेता संघ देशाचे प्रतिनिधित्व करतो. यजमान देशाला मात्र दोन संघ उतरवता येतात. रोबो संघातील विद्यार्थ्यांनीच बनवलेला असावा, ही मुख्य अट. बाजारातून तयार रोबो आणून चालत नाही.

खेळ दर वर्षी बदलतो तो का?

यजमान देश आपल्या संस्कृतीतून खेळ ठरवतो. २००८मध्ये स्पर्धा पुण्यात बालेवाडीला झाली, तेव्हा विषय होता ‘गोविंदा’. रोबोंना हंडीतले लोणी काढायचे होते. २०१४मध्ये स्पर्धा पुन्हा पुण्यात आली. तेव्हा ‘पालक’ रोबोने ‘मुला’ला झोका, सी-सॉ खेळवायचा होता. नवी दिल्लीतील २०२२च्या स्पर्धेत चक्क लगोरी होती. एका संघाच्या रोबोने चेंडू मारून पाच चकत्यांची लगोरी फोडायची आणि ती पुन्हा रचायची; समोरच्या संघाने रचणाऱ्या रोबोच्या डोक्यावरचा चेंडू उडवायचा. व्हिएतनाममधील २०२४च्या स्पर्धेत भातशेती होती. रोपे लावायची, दाणे म्हणून ठेवलेले चेंडू गोळा करायचे आणि कोठारात रचायचे. त्यातला एक रोबो पूर्ण स्वयंचलित असणे बंधनकारक होते.

खेळ बदलला की मागच्या वर्षीचा रोबो जवळपास निकामी ठरतो. चाके, मोटारी, सर्किट वापरता येतात. पण पकडणारा हात, फेकणारी यंत्रणा आणि प्रोग्राम नव्याने करावा लागतो.

हंगाम कसा असतो?

आंतरराष्ट्रीय स्पर्धा साधारण ऑगस्टमध्ये होते आणि त्याच सुमारास पुढच्या वर्षीचा खेळ समजतो. पहिले काही आठवडे केवळ नियमपुस्तिका वाचण्यात जातात. रोबोचे वजन, आकार, बॅटरीचा व्होल्टेज या सगळ्यांना मर्यादा असतात. त्यानंतर संगणकावर आराखडा, लाकूड किंवा अॅक्रिलिकचे कच्चे मॉडेल आणि मग अॅल्युमिनियमचा सांगाडा. मेकॅनिकलची मुले सांगाडा, इलेक्ट्रॉनिक्सची सर्किट आणि कॉम्प्युटरची प्रोग्राम सांभाळतात. राष्ट्रीय फेरीआधी संघांना आराखड्याचा अहवाल आणि चालत्या रोबोचा व्हिडीओ द्यावा लागतो. त्यात बरेच संघ गळतात. एकेकाळी बालेवाडीत होणारी राष्ट्रीय फेरी अलीकडे दिल्लीत होते. पुण्याची सीओईपी, मुंबईची व्हीजेटीआय अशा संस्थांचे संघ तिच्यात उतरत आले आहेत.

वर्कशॉपमध्ये चालणारा रोबो मैदानावर का फसतो?

पहिले कारण जमीन. स्वयंचलित रोबो चाकांच्या फेऱ्या मोजून आपण कुठे आहोत हे ठरवतो. मैदानाचा रंग गुळगुळीत असेल तर चाक जागीच घसरते; रोबोच्या हिशेबाने तो दोन मीटर पुढे गेलेला असतो, प्रत्यक्षात कमी. म्हणून अनेक संघ मोटारीच्या चाकांवर अवलंबून न राहता जमिनीला टेकणारी वेगळी मोकळी चाके मोजणीसाठी लावतात. दिशा कळण्यासाठी जायरो सेन्सर असतो, पण त्याचीही चूक हळूहळू साठत जाते.

दुसरे कारण बॅटरी. चेंडू फिरत्या चाकांमधून फेकला जात असेल, तर बॅटरी उतरू लागताच चाकांचा वेग घटतो आणि चेंडू अलीकडे पडतो. त्यामुळे मोटारीला ठरावीक वीज देण्याऐवजी तिचा प्रत्यक्ष वेग सतत मोजून दुरुस्त करावा लागतो. तिसरे कारण प्रकाश. कॉलेजच्या ट्यूबलाइटखाली लाल दिसणारा चेंडू टीव्हीच्या झगमगाटात कॅमेऱ्याला वेगळाच दिसू शकतो.

यावर उपाय करायला वेळ अपुरा असतो. सामन्याआधी रोबो मांडायला साधारण एक मिनिट मिळते आणि बहुतेक वर्षी सामना तीन मिनिटांचा असतो. रोबो अडकला तर पंचांची परवानगी घेऊन तो पुन्हा सुरू करता येतो, पण घड्याळ थांबत नाही.

विद्यार्थ्यांसमोरची अडचण कोणती?

पैसा ही पहिली. चांगल्या मोटारी, सेन्सर बऱ्याचदा परदेशातून मागवावे लागतात आणि सराव करताना ते जळतातही. मोठ्या लिथियम बॅटऱ्या विमानात नेण्यावर निर्बंध असल्याने अनेक संघ रोबो पेट्यांत भरून रेल्वेने निघतात. दुसरी अडचण वेळेची. तयारी टिपेला पोहोचते तेव्हाच सत्र परीक्षा येतात. राष्ट्रीय फेरी जुलैत असली, तर शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या हातात तोवर नोकरीचे पत्र आलेले असते.

यातूनच सर्वांत मोठा प्रश्न उभा राहतो. जुनी मुले गेली की त्यांचे शिकणेही त्यांच्याबरोबर जाते. कोणती मोटार का जळली, कोणता प्रोग्राम का सोडून दिला, हे लिहून ठेवले नसेल तर पुढची तुकडी तीच चूक नव्याने, नव्या पैशांनी करते. म्हणून सातत्याने चांगली कामगिरी करायची तर ज्युनियर मुलांना पहिल्या वर्षापासून वर्कशॉपमध्ये घ्यावे लागते आणि बाद झालेल्या रोबोचीही नोंद ठेवावी लागते.

हरलेल्या संघाला काय मिळते?

देशाचे प्रतिनिधित्व एकाच संघाला मिळते. बाकी सगळे हरूनच परततात. तरीही वेगवेगळ्या शाखांच्या मुलांनी एका टेबलावर बसून काम करणे, ठरलेल्या तारखेला चालणारे यंत्र उभे करणे आणि ते का बिघडले हे शोधून काढणे, याचा अनुभव नेहमीच्या प्रात्यक्षिकांत क्वचितच मिळतो. तिथे उत्तर आधीच ठाऊक असते. रोबोकॉनमध्ये ते कुणालाच ठाऊक नसते, आणि उद्योगांना नेमकी अशाच प्रश्नांशी झुंजलेली माणसे हवी असतात. हे शिक्षण परीक्षेच्या आणि खिशाच्या किमतीवर होऊ नये, याचा विचार मात्र महाविद्यालयांनी करायला हवा. हजेरीत सवलत, प्रकल्पाचे गुण आणि वर्कशॉपची किल्ली एवढे मिळाले, तरी अनेक संघांचा निम्मा भार हलका होईल.