आडवाटेची आखणी

मोटारसायकलवरून सहलीला जायचे म्हटले की आपल्या कॉलेजातल्या मंडळींना दोनच ठिकाणे आठवतात, पन्हाळा आणि गोवा. पन्हाळ्याला गेलेला दुपारच्या तासाला हजर असतो. गोव्याला गेलेल्याला वाटेत काय पाहिले असे विचारावे, तर तो धाब्यांची नावे सांगतो. या दोहोंच्या मधे सबंध दक्षिण जिल्हा पसरला आहे आणि तिकडे जाणारे रस्ते बऱ्यापैकी रिकामे असतात. या दिवाळीच्या अगोदर आम्ही तिघे मित्र तिकडे दोन दिवस फिरणार आहोत. बेत आखण्याचे काम माझ्याकडे आले, कारण माझा विषय भूगोल!

आखणीची सुरुवात मी मोबाईलवरच्या नकाशाने केली नाही. तो नकाशा जवळचा रस्ता दाखवतो. आम्हाला शांत रस्ता हवा होता, आणि जवळचा व शांत हे दोन्ही गुण एका रस्त्यात क्वचितच सापडतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचा ‘४७ एल’ या मालिकेतला नकाशा पुढे घेतला. प्रमाण एकास पन्नास हजार, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. त्यावर प्रथम रस्ते न पाहता नद्या पाहाव्यात. भोगावती, दूधगंगा, वेदगंगा, चिकोत्रा, हिरण्यकेशी, घटप्रभा या सगळ्या सह्याद्रीच्या बाजूने निघून हाताच्या बोटांसारख्या ईशान्येला किंवा पूर्वेला पसरतात. दोन बोटांच्या मधे डोंगराची एकेक सोंड. ऊस, कारखाने, बाजार हे सारे खोऱ्यांत, म्हणून वाहतूकही बहुतेक नदीला धरून चालते. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात उतरणारे लहान रस्ते मात्र रिकामे राहतात. गारगोटीचा मोठा रस्ता किंवा आता रुंद झालेला संकेश्वर-बांदा रस्ता हे यातून वगळावेत. बाकी ठिकाणी हा ठोकताळा चांगला लागू पडतो.

पण नदी ओलांडायची कोठे? येथे आपल्या जिल्ह्याचे एक वैशिष्ट्य उपयोगी पडते. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ हे नाव महाराष्ट्रभर जलसिंचनाच्या पुस्तकांत आहे. नदीच्या पात्रात ओळीने दगडी खांब, खांबांच्या खाचांत बरगे घालून अडवलेले पाणी, आणि वर अरुंद स्लॅब. पावसाळा संपला की बरगे घालतात, पावसाळ्यापूर्वी काढून घेतात, म्हणजे पुराला वाट मोकळी. हा स्लॅब पाणी अडवण्यासाठी बांधलेल्या खांबांवर आयता मिळालेला पूल आहे. ट्रक तिकडे फिरकत नाही. मोटारसायकल, सायकल, म्हशी आणि शाळेची पोरे यांचा तो रस्ता. अनेक बंधाऱ्यांना कठडा नसतो. तेव्हा पहिला गिअर, नजर समोर, आणि मागे बसलेल्याने उतरून चालत यावे.

जोराचा पाऊस चार दिवस टिकला की ‘बंधारे पाण्याखाली’ ही बातमी आपण दरवर्षी वाचतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तर शिरोलीजवळ महामार्गही पाण्याखाली गेला होता, मग बंधाऱ्यांची काय कथा! मोबाईलच्या नकाशाला मात्र जुलैतला बंधारा आणि जानेवारीतला बंधारा सारखाच. पाणी चढले असेल तर तेथील माणसाचा शब्द प्रमाण मानून मागे फिरायचे, हे आम्ही आधीच ठरवून टाकले आहे.

रस्त्याची दुसरी परीक्षा एस.टी. स्टँडवर होते. ज्या गावाला दिवसातून दोन-तीनच गाड्या जातात तो रस्ता शांत असतो, आणि एस.टी. जाते त्या अर्थी मोटारसायकलही खुशाल जाईल. फलकावर गावापुढे ‘मुक्काम’ लिहिले असेल तर बहुधा पुढे रस्ता संपतो, कारण गाडी रात्री तेथेच थांबून सकाळी परतते. असल्या गावी जायचे तर आल्या वाटेने परतण्याचे पेट्रोल टाकीत हवे. चौकशीच्या खिडकीवरचे साहेब या बाबतीत भूगोलाच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा जाणते आहेत (आमच्या सरांनी राग मानू नये).

आता काळवेळ. आईची परवानगी येथेच अडली होती. गेल्या गळीत हंगामात आमच्या गावाकडचा, माझ्याच वर्गात शिकलेला एक मुलगा रात्री मोटारसायकलवरून येत होता. रस्त्याकडेला उसाने भरलेली ट्रॉली उभी होती. तिला मागे ना दिवा, ना चकाकणारी पट्टी. तो गेला. त्याच्या आईला भेटून आल्यावर माझी आई चार दिवस माझ्या गाडीच्या किल्लीकडे बघत असे, बोलत नसे. म्हणून आम्ही दसरा आणि दिवाळी यांच्या मधले दिवस निवडले. तेव्हा पाऊस ओसरलेला असतो आणि कारखान्यांची धुराडी बहुधा पेटलेली नसतात. शिवाय दिवेलागणीच्या आत मुक्कामाला पोहोचायचे. ताशी पंचवीस किलोमीटर धरून, चहापाणी आणि पंक्चर यांना दोन तास सोडून हिशेब केला आहे. त्याहून जास्त अंतर बसेल तर गाव गाळायचे, वेग वाढवायचा नाही. आईने हा कागद दोनदा वाचला आणि डब्याचे काय ते विचारले. परवानगी मिळाली असे मी समजलो.

पहिल्या दिवशी बिद्री, मुदाळ तिट्टा करून गारगोटी. अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. १९४२ च्या डिसेंबरात तेथल्या कचेरीवर चाल करून गेलेले सात जण हुतात्मे झाले. तेथे थांबायचेच. मग वेदगंगेच्या कडेने पाटगावपर्यंत, मौनी महाराजांच्या मठाशी. परत गारगोटीला येऊन डोंगर ओलांडून हिरण्यकेशीकाठच्या आजऱ्याला मित्राच्या आत्याकडे मुक्काम. रात्री घनसाळ तांदळाचा भात मिळेल अशी खात्री आहे.

दुसऱ्या दिवशी घटप्रभेच्या खोऱ्यात उतरून नेसरी. १६७४ साली प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले ते हे ठिकाण. तेथून गडहिंग्लज, आणि पुन्हा एक सोंड ओलांडून चिकोत्रेच्या खोऱ्यातले कापशी. कापशी चपलेला नाव देणारे गाव ते हेच. शेवटी मुरगूडवरून घरी.

सोबत जास्तीचा प्लग, क्लचची वायर, ट्यूब, हवेचा पंप आणि दोरी. पेट्रोल गारगोटी, आजरा, गडहिंग्लज येथे मिळते. मुरगूडजवळ वेदगंगा पुलावरून ओलांडायची की बंधाऱ्यावरून, एवढे मात्र कागदावर कोरे ठेवले आहे. ते त्या दिवशीचे पाणी बघून ठरेल.