दगडाचे टीएमसी

पावसाळ्यात पुण्यातली माणसं सकाळी पेपर उघडून आधी एक आकडा शोधतात: खडकवासला साखळीत किती टीएमसी पाणी जमलं? खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणं काठोकाठ भरली की बेरीज २९.१५ टीएमसी होते. शहराचं वर्षभराचं पिणं आणि खालच्या तालुक्यांची शेती याच पाण्यावर चालते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. पाण्यासाठी तोंडात बसलेलं हे माप मी इथे दगडमातीला लावणार आहे, कारण खाणींचे आकडे दुसऱ्या कुठल्याच मापाने माझ्या डोक्यात शिरत नाहीत.

कोल इंडियाने २०२२-२३ या वर्षात सुमारे ७० कोटी टन कोळसा काढला. त्यासाठी कोळशावरची जी माती आणि जो खडक उचलून बाजूला टाकावा लागला, तो भरला सुमारे १६५ कोटी घनमीटर. टीएमसीत सांगायचं तर ५८. पुण्याची चारही धरणं दगडमातीने दोनदा भरतील एवढा हा ढीग एका कंपनीने एका वर्षात उपसला. पुढच्या वर्षी कोळसा वाढला आणि ढीगही वाढला.

मुरूम आणि वाळू आपण ब्रासमध्ये मोजतो. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, म्हणजे एक टीएमसी बरोबर एक कोटी ब्रास. त्या हिशेबाने वर्षाला ५८ कोटी ब्रास होतात. देशातल्या चौघांच्या प्रत्येक कुटुंबाच्या नावावर दरसाल दीड ब्रासहून जास्त ढिगारा जमा होतो आहे, आणि तो फक्त कोळशाचा. गावात घराच्या भरावासाठी मुरूम आणायचा तर तहसील कार्यालयातून परवाना घ्यावा लागतो, ब्रासवर स्वामित्वधन भरावं लागतं. इतक्या बारकाईने मोजणाऱ्या व्यवस्थेला हा ढिगारा मोजणं अवघड जाऊ नये.

चंद्रपूर आणि वणीच्या कोळसापट्ट्यात या दगडमातीला ओबी (ओव्हरबर्डन) म्हणतात. उघड्या खाणीच्या काठावरून समोरची भिंत पाहिली की ओबी म्हणजे काय ते एका नजरेत कळतं. सगळ्यात वर काळ्या मातीचा थर, हातभर किंवा थोडा जास्त, ज्यावर कालपरवापर्यंत कापूस आणि तूर उभी होती. त्याखाली पिवळसर चिकणमाती. मग कित्येक मीटर वालुकाश्म, आणि या सगळ्याच्या तळाशी कोळसा. ड्रिल, स्फोट, शॉव्हेल, डंपर, आणि पुन्हा ड्रिल, असं रात्रंदिवस चालतं. वरची काळी माती वेगळी काढून ठेवायची आणि शेवटी ढिगाऱ्यावर परत पसरायची असा नियम आहे. ती माती जिवंत असते. घाईत ती खडकाखाली गाडली गेली, किंवा वर्षानुवर्षं ढीग करून ठेवली, तर तिच्यातले जीवजंतू मरतात आणि नंतर त्या उतारावर लावलेली रोपं तग धरत नाहीत. ढिगाऱ्यावर पावसाने पाडलेल्या घळी दिसल्या की या मातीचं काय झालं असेल याचा अंदाज येतो. चंद्रपूरकर इरई नदीकाठच्या ढिगाऱ्यांबद्दल कित्येक वर्षं बोलत आहेत: पात्र अरुंद झालं, गाळ भरला, पूर शहरात शिरतो.

हा सगळा ओबी परत खड्ड्यात मावेल का? हिशेब करून पाहू. एक टन कोळशामागे सरासरी २.३५ घनमीटर ओबी निघतो. तो टनभर कोळसा स्वतः साधारण ०.७ घनमीटर जागा सोडतो. म्हणजे खड्डा झाला सुमारे ३ घनमीटरचा. फोडलेला खडक फुगतो, तो पाव हिस्सा फुगला असं धरलं तरी २.३५ चे २.९ होतात. मावतो! सरासरीचा हिशेब आहे, प्रत्येक खाणीचा वेगळा येईल, पण जागेअभावी हे डोंगर उभे राहिले असं म्हणता येणार नाही. खरी अडचण क्रमाची आहे. पहिला खड्डा उघडताना निघालेला ओबी टाकायला मागे रिकामी जागाच नसते, म्हणून तो बाहेर जातो. खाण पुढे सरकली की मागच्या रिकाम्या भागात भरणं शक्य होतं, आणि चांगल्या खाणीत तसं केलंही जातं. बाहेर गेलेला पहिला डोंगर मात्र शेवटच्या खड्ड्यात परत आणायचा तर तोच दगड दुसऱ्यांदा उचलावा लागतो, आणि त्या दुसऱ्या उचलीतून विकायला काहीच मिळत नाही.

खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी वेगळ्या खात्यात पैसे ही व्यवस्था कोळसा खाणींना २००९ पासून आहे. २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत उघड्या खाणीसाठी मूळ दर हेक्टरी ९ लाख रुपये ठेवला गेला. ऐकायला रक्कम बरी वाटते. पण हेक्टरभर जागेत खड्डा ५० मीटर खोल असेल तर तो ५ लाख घनमीटरचा होतो, म्हणजे घनमीटरला १ रुपया ८० पैसे. चालू खाणीत मागे भरत जाण्याचा खर्च या रकमेत धरलेला नसतो, हे खरं. तरीही शेवटचा मोठा खड्डा भरायची वेळ येईल तेव्हा एवढ्या पैशात डिझेलसुद्धा भागणार नाही. म्हणूनच तिथे पाणी साठू दिलं जातं आणि त्याला तलाव म्हटलं जातं.

गोव्याची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती जास्त अस्वस्थ करते. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत लोहखनिजाच्या टाकाऊ दगडमातीचे ढीग ७० कोटी टनांच्या घरात असल्याचा अंदाज सांगितला जातो. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या होती साडेचौदा लाख. भागाकार केला तर माणशी सुमारे ४८० टन येतात. पोर्तुगीज काळात वाटलेले खाणपट्टे लहान लहान होते, खनिज खोलवर जात होतं, त्यामुळे खड्डा काम संपून मोकळा व्हायचाच नाही. ढीग मग पट्ट्याबाहेर, नाल्याच्या तोंडाशी, कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, वरच्या अंगाला गेले. आणि तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लाल गाळ ओढ्यातून भातखाचरात उतरतो, सुकून त्याचा कडक थर होतो, आणि त्यावर पुढच्या हंगामात पेरणी होत नाही. पट्ट्याबाहेर ढीग टाकता येणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ च्या निकालात सांगितलं आणि वर्षाला २ कोटी टनांची मर्यादाही घातली. त्याआधी, २०१०-११ मध्ये, गोव्याच्या बंदरांतून ५ कोटी टनांच्या आसपास खनिज बाहेर गेलं होतं. उतारावर पायऱ्या कापणं, पायथ्याशी चर आणि गाळ बसवायची तळी, काथ्याची जाळी, वाळ्याचं गवत, स्थानिक झाडं: उपाय सगळ्यांना ठाऊक आहेत. साखळी गावाजवळच्या जुन्या खाणीवर आज बांबूची बेटं उभी आहेत, तेव्हा हे जमतं हेही सिद्ध झालेलं आहे. इतर कित्येक ढिगाऱ्यांवर ऑस्ट्रेलियन अकेशिया लावून काम संपलं असं मानलं गेलं.

आतापर्यंत फक्त कोरड्या दगडाची गोष्ट झाली. धातूच्या खाणीत दगड दळून धातू वेगळा केला की मागे पाणी मिसळलेली बारीक पूड उरते. तांब्याच्या खनिजात आज तांबं असतं शंभर टनांमागे अर्धा-पाऊण टन. एका विजेवर चालणाऱ्या मोटारीत ८० किलोंच्या आसपास तांबं लागतं, त्यासाठी ११ ते १६ टन खडक दळला जातो. कर्नाटकातल्या कोलारच्या खाणींनी २००१ मध्ये बंद होईपर्यंत सुमारे ८०० टन सोनं दिलं आणि मागे ठेवले पुडीचे १३ डोंगर, साधारण ३ कोटी ३० लाख टनांचे. तिथली माणसं त्यांना सायनाइड डंप म्हणतात, कारण सोनं सायनाइडने सोडवलं जायचं. दहा ग्रॅमचा तोळा धरला तर प्रत्येक तोळ्यामागे चारशे किलोंहून जास्त पूड. उन्हाळ्यात वारा सुटला की ती घराघरांत शिरते. या ढिगाऱ्यांतून उरलंसुरलं सोनं काढायला कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये संमती दिली. सोन्याबरोबर पुडीची कायमची सोय लागणार असेल तरच त्या कामाला अर्थ आहे.

जगभरात अशी ओली पूड बांधामागे साठवलेल्या जागा साडेआठ हजारांच्या आसपास आहेत आणि त्यांत मिळून २१७ घनकिलोमीटर माल आहे, असा एक अंदाज आहे. तो होतो सुमारे ७,६६० टीएमसी. कोयनेचं धरण १०५ टीएमसीचं. म्हणजे ७३ कोयना! आणि पाण्याच्या धरणाची निदान दारं उघडता येतात, उन्हाळ्यात ते रिकामं होतं, भिंत तपासता येते. या बांधांमागचा माल कधीच रिकामा होत नाही. खाण संपते, कंपनी विकली जाते, बांध मात्र उभा राहावाच लागतो.

ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यो गावाजवळचा असा एक बांध २५ जानेवारी २०१९ रोजी, ऐन जेवणाच्या वेळी फुटला. त्यात २०१६ पासून नवी पूड टाकणंही बंद होतं. उंची ८६ मीटर. आधी टाकलेल्या, वरून सुकल्यासारख्या दिसणाऱ्या पुडीवरच पुढचा टप्पा रचायचा, या स्वस्त पद्धतीने तो वाढवत नेला होता. आतली पूड ओलीच होती. कण एकमेकांवर टेकून होते तोवर भार पेलला गेला, एका क्षणी कणांमधला आधार सुटला आणि घट्ट दिसणारा डोंगर वाहू लागला. भिंत कोसळायला दहा सेकंदही लागले नाहीत. पाच मिनिटांच्या आत ९७ लाख घनमीटर गाळ बाहेर पडला. तो कंपनीच्या कॅन्टीनवर गेला, कचेरीवर गेला. सायरन वाजला नाही. २७० माणसं गेली. टीएमसीत मोजलं तर तो सगळा गाळ जेमतेम ०.३४ भरतो.

चिलीमध्ये १९६५ च्या भूकंपात अशाच बांधांनी दोनशेवर बळी घेतले, आणि त्या देशाने १९७० मध्ये ही पद्धत बंद केली. ब्राझीलने बंद केली २०१९ मध्ये. मधली ४९ वर्षं ज्ञान उपलब्ध होतं. ऑगस्ट २०२० मध्ये या बांधांसाठी जागतिक मानक तयार झालं. माझ्या मते खरा मार्ग बांध घालण्याच्याही आधीचा आहे: पुडीतलं पाणी दाबून काढायचं, ते पुन्हा वापरायचं आणि कोरडी पूड रचायची. राजस्थानात झावरच्या जस्ताच्या खाणीत असा प्रकल्प चालू आहे. खर्च जास्त येतो, पण बांधच लागत नाही.

आणि ओबीचं काय? त्यातला वालुकाश्म फोडून धुतला की वाळू मिळते. नागपूरजवळ भानेगाव आणि गोंडेगावला वेस्टर्न कोलफील्ड्सने हे करून दाखवलं, ती वाळू पंतप्रधान आवास योजनेच्या घरांना गेली. जग दरसाल ५,००० कोटी टन वाळू आणि खडी वापरतं. कन्हान आणि वैनगंगा खरवडून काढणं थांबवायचं असेल तर वाळूचा साठा ढिगाऱ्यांत पडलेला आहे.

ओबी काढल्याचा आकडा कंपन्या कामगिरी म्हणून छापतात. किती घनमीटर परत खड्ड्यात गेला, किती वाळू झाला, किती बाहेर उरला, हे तीन आकडे त्याच्या शेजारी छापले गेले पाहिजेत. ते काढणं कठीण नाही, ठेकेदाराला पैसे घनमीटरवरच मिळतात आणि खाणीच्या सर्व्हे विभागात मोजणी असते. खाणीच्या पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी घ्यावी लागते, तिची सूचना किमान तीस दिवस आधी निघते, आणि पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा मराठी सारांश गावाला मिळणं बंधनकारक आहे. त्या सारांशात ओबीचा वर्षवार तक्ता शोधावा. नसेल तर सुनावणीत उभं राहून मागावा. प्रश्न इतिवृत्तात नोंदवावाच लागतो.