सोडून दिलेली सनद

खानदेशातल्या पारोळ्यासारख्या गावी बसून गोव्यातील एका फुटबॉल क्लबाच्या हंगामाचा मागोवा घेणे हा निव्वळ आगंतुकपणा आहे, असे कोणी म्हटले तर त्याचा प्रतिवाद करण्याच्या भरीस मी पडणार नाही. आमच्याकडे माणसे लोटतात ती कुस्तीच्या दंगलीला. शाळेच्या पटांगणावर कबड्डी आणि क्रिकेट यांच्यातून जी जागा उरेल तीत पोरे चेंडू लाथाडतात. आणि धुळे-जळगाव हमरस्त्याने पहाटे येऊन पडणाऱ्या वर्तमानपत्रांत आय-लीग या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेच्या निकालांना मिळते ती क्रीडापृष्ठाच्या तळाची चार ओळींची जागा. परंतु त्याच चार ओळींच्या जागेत २०१५ आणि २०१६ या दोन वर्षांत पणजीच्या धेंपो स्पोर्ट्‌स क्लबाविषयी जे तुटक तुटक छापून येत होते ते आज सलग लावून वाचले म्हणजे ध्यानात येते, की पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलेला संघ खालच्या वर्गात ढकलला गेला, वर्षभराच्या आत स्वपराक्रमाने वर येण्याचा हक्क त्याने संपादन केला, आणि हक्क हाती पडताच तो त्याने स्वखुशीने परत केला. आपल्या खेळाच्या कारभारात याहून विलक्षण प्रकरण माझ्या तरी वाचनात नाही.

गोव्याच्या मुक्तीनंतर ज्या खाणमालक घराण्यांनी फुटबॉलला उदार आश्रय दिला, त्यांत साळगावकरांच्या जोडीने धेंपो घराण्याचे नाव घ्यावे लागते. मराठी वाचकाला हे घराणे सर्वस्वी अपरिचित नसावे, कारण पणजीचे ‘नवप्रभा’ हे मराठी दैनिक याच समूहाचे. आर्मांदो कुलासो या गोमंतकीय प्रशिक्षकाच्या हाती संघाची सूत्रे असताना या क्लबाने २००४-०५ आणि २००६-०७ या दोन हंगामांत राष्ट्रीय फुटबॉल लीग, आणि तिचे आय-लीगमध्ये रूपांतर झाल्यावर २००७-०८, २००९-१० व २०११-१२ मध्ये ती नवी स्पर्धा जिंकली. २००८ साली आशियाई महासंघाच्या चषकात उपांत्य फेरी गाठली. आणि रँटी मार्टिन्स या नायजेरियन आघाडीवीराने एकट्या २०११-१२ च्या हंगामात ३२ गोल केले. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही सारी गोव्याच्या मातीतली माणसे वर्षानुवर्षे एकाच सदऱ्यात खेळली.

या वैभवाच्या आरंभी एक मृत्यू आहे, आणि त्याचा उल्लेख टाळून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरच्या कंठीरवा मैदानावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना मोहन बागानशी चालू होता. धेंपोच्या क्रिस्टियानो ज्युनियर या ब्राझिलियन खेळाडूने एक गोल केलेला होता. दुसरा गोल मारताना पुढे धावून आलेल्या गोलरक्षकाशी त्याची धडक झाली, चेंडू जाळ्यात गेला, तो कोसळला, आणि पुन्हा उठला नाही. सामना २-० असा धेंपोच्या नावावर लागला, ते दोन्ही गोल त्याचेच. क्लबाने त्याचा १० क्रमांक कायमचा मिटवला, आणि त्याच हंगामात उरलेल्या मंडळींनी राष्ट्रीय लीग प्रथमच जिंकून आणली.

असा संघ खाली कसा गेला, याचे उत्तर एका कारणात सापडत नाही. ज्या खाणींच्या पैशावर गोव्यातले मोठे क्लब उभे होते त्या खाणींचे काम सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने व पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाने थांबवले. तथापि धेंपोंनी आपला खाणव्यवसाय २००९ सालीच सेसा गोवा कंपनीला विकलेला असल्यामुळे त्या एका फर्मानावर सगळे खापर फोडणे न्यायाचे होणार नाही. कुलासो २०१३ मध्ये कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे गेले, आणि एका माणसाच्या नजरेखाली घडलेल्या संघाला दुसऱ्याची नजर मानवली नाही. शिवाय ऑक्टोबर २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग हा झगमगाटी प्रपंच सुरू झाला. सिनेनट व क्रिकेटपटू यांच्या मालकीचे नवे संघ उभे राहिले, जुन्या क्लबांचे खेळाडू उसनवारीवर त्यांच्याकडे जाऊन अडीच महिने खेळले, आणि डिसेंबरअखेर दमलेल्या पायांनी आपापल्या घरी परतले. मौज अशी, की एफसी गोवा या नव्या संघाच्या आरंभीच्या मालकमंडळात व्हिडिओकॉनच्या धूतांबरोबर श्रीनिवास धेंपो हेही होते. म्हणजे जुन्या वाड्याचा धनी नव्या हवेलीतही भागीदार होता. ही गोष्ट पुढचा प्रसंग समजून घेताना विसरता कामा नये.

तरीही ११ जानेवारी २०१५ रोजी फातोर्डा येथे धेंपो फेडरेशन चषकाची अंतिम लढत खेळत होता, आणि बंगळूर एफसीकडून तो हरला तोही १-२ अशा निसटत्या फरकाने. त्या दिवशी कोणी म्हटले असते, की मे महिना संपण्यापूर्वी हा संघ पदावनत होईल, तर मडगावच्या बाजारात त्याची थट्टा झाली असती. आठवडाभरात आय-लीगचा हंगाम उघडला. अकरा संघ, प्रत्येकी वीस सामने. जिंकायचे सामने बरोबरीत सुटू लागले आणि बरोबरीचे हातचे जाऊ लागले. ऐन हंगामात रोमिओ फर्नांडिस हा वेगवान तरुण ब्राझीलच्या अथलेटिको परानाएन्सेकडे उसनवारीवर गेला, ज्याचा गोवेकरांना अभिमान वाटला आणि संघाला तोटा झाला. मोहन बागानने ३१ मे रोजी अजिंक्यपद घेतले तेव्हा धेंपोच्या नशिबी द्वितीय श्रेणी आलेली होती.

येथे एका नियमाची नोंद केली पाहिजे. भारतीय फुटबॉल महासंघाच्या जाबत्याप्रमाणे जे उद्योगसमूह रक्कम भरून अव्वल वर्गात थेट प्रवेश घेत, त्यांच्या संघांना आरंभीच्या हंगामांत पदावनती लागू नसे. खेळून वर आलेल्याने खेळून खाली जावे, आणि दाम मोजून आलेल्याला मुदतीचे अभय असावे, हा न्याय सरकारदरबारी मक्ता देण्याच्या पद्धतीशी जुळतो. खेळाशी जुळत नाही. ज्या अभयाचा एवढा बडेजाव त्याचा उपयोग तरी किती झाला? कल्याणी समूहाचा पुण्यातील भारत एफसी एकच हंगाम खेळून बंद झाला, त्याच सुमारास पुणे एफसीनेही दुकान आवरले, आणि त्यांच्या जागी थेट प्रवेशाने आलेला पुण्याचाच डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर दिसला नाही. तीन वर्षांत पुण्याच्या तीन क्लबांची अशी वासलात लागली, याची खंत महाराष्ट्रात कोणी केल्याचे माझ्या कानावर नाही.

पारोळ्याच्या माणसाला पराभवाने गेलेले आणि हुकुमाने गेलेले यांतला भेद सांगावा लागत नाही. आमचा भुईकोट किल्ला हरि सदाशिव दामोदर या जहागीरदारांनी १७२७ मध्ये बांधला; १८५७ च्या धामधुमीनंतर इंग्रजांनी तो जप्त केला, आणि आज त्याच्या खंदकाकाठाने भाजीवाले बसतात. धेंपोची पदावनती मात्र पहिल्या जातीची होती. वीस सामने खेळून ती ओढवली होती, म्हणून तिच्याविषयी तक्रार करण्यास जागा नव्हती, आणि क्लबाने तशी ती केलीही नाही. पुण्याच्या क्लबांप्रमाणे दार लावून न घेता त्याने खालच्या वर्गात खेळण्याचे पत्करले. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत मोठेपणाचा निर्णय हाच.

द्वितीय श्रेणी म्हणजे काय, हे तीत खेळल्याविना कळत नाही. दूरचित्रवाणीचे कॅमेरे नाहीत. प्रेक्षक मोजावेत इतके. आज श्रीनगरच्या लोनस्टार काश्मीरशी गाठ, तर उद्या इम्फाळच्या नेरोकाशी किंवा फतेह हैदराबादशी. या संघांतल्या पोरांना पाच वेळच्या अजिंक्य संघाला पाडले एवढी एक बातमी आयुष्यभर पुरणारी, आणि म्हणून प्रत्येक सामन्यात समोरचा जिवावर उदार होऊन खेळणार. कोलकात्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग हा दुसरा पडलेला सरदारही याच आखाड्यात होता. स्पर्धेची रचनाही निष्ठुर होती: आधी विभागवार गट, त्यातून निवडलेल्यांची अंतिम फेरी, आणि अखेरीस बढती एकालाच. दुसऱ्या क्रमांकाला शाबासकीपलीकडे काही नाही. अशा फेरीत नावाचा दबदबा उपयोगी पडत नाही. उलट तो प्रतिपक्षाला चेव आणतो. २०१६ च्या पूर्वार्धात धेंपोने ही वाट शेवटपर्यंत तुडवली आणि पंजाबच्या मिनर्व्हा अकादमीला मागे टाकून पहिला क्रमांक पटकावला. वृत्तपत्रांत त्याला चारच ओळी मिळाल्या, आणि पाच अजिंक्यपदांच्या क्लबाला या सहाव्याची मातब्बरी ती काय, असे वरवर पाहणाऱ्याला वाटले असेल. मला विचाराल तर वैभवाच्या काळातल्या दोन अजिंक्यपदांपेक्षा हे यश मी वरचे मानीन.

आणि नेमक्या २०१६ च्या मे महिन्यात महासंघाने व त्याच्या व्यापारी भागीदाराने एक मसुदा पुढे केला. त्यात सुपर लीग ही देशाची सर्वोच्च स्पर्धा ठरणार होती, आय-लीग दुसऱ्या पायरीवर उतरणार होती, द्वितीय श्रेणी तिसऱ्या. आणि सुपर लीगच्या दारातून खेळाच्या बळावर आत जाण्याची वा बाहेर पडण्याची सोय ठेवलेली नव्हती. अर्थ उघड होता. धेंपोने एक जिना चढून जो मजला गाठला, तोच मजला मालकाने खाली उतरवण्याचे घोषित केले. जूनमध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून आपण अंग काढून घेत असल्याचे जाहीर केले. धेंपोही त्याच वाटेने गेला, आणि महिन्या-दोन महिन्यांपूर्वी घामाने मिळवलेली सनद बिनवापराची दफ्तरात पडून राहिली.

या निर्णयाची कारणे मला मान्य आहेत; निर्णय मान्य नाही. अपमानाचा निषेध करावा, खटला भरावा, महासंघाच्या सभेत कागद फेकावा, परंतु मैदान सोडणे हा निषेध खेळाडूंच्या पदरचा पैसा खर्चून केलेला असतो. ज्या मुलांनी काश्मीरपासून मणिपूरपर्यंतच्या संघांशी झुंजून ती जागा मिळवली, त्यांचे मत घेतल्याचे कोठे वाचनात आले नाही. मालकांना गोव्याच्या प्रादेशिक लीगमध्ये क्लब चालू ठेवता आला, सुपर लीगच्या फ्रँचायझीशी काहींचे सूत्रही राहिले; पंचविशीच्या आतल्या खेळाडूला मात्र राष्ट्रीय पातळीवरचे एक वर्ष हरपणे म्हणजे काय, हे त्याच्या घरच्यांना विचारावे.

रिकाम्या झालेल्या जागांचे पुढे काय झाले हा भाग कादंबरीकाराने रचला असता तर टीकाकारांनी त्यास असंभाव्य ठरवले असते. त्याच २०१५-१६ च्या हंगामात मिझोरमचा ऐझॉल एफसी नऊ संघांत आठवा आला होता. नवव्या डीएसके शिवाजियन्सला थेट प्रवेशाचे अभय असल्यामुळे पदावनतीची कुऱ्हाड आठव्यावर पडली. गोव्याचे क्लब निघून जाताच महासंघाने ऐझॉलला बहाल केले, आणि बहाल झालेल्या या संघाने खालिद जमील यांच्या मार्गदर्शनाखाली ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला बरोबरी साधून आय-लीग जिंकली. जमील हे वर्षानुवर्षे मुंबई एफसीचे प्रशिक्षक. त्यांना गमावलेला मुंबई एफसी त्याच हंगामात तळाशी जाऊन पदावनत झाला आणि पुढे उरलाच नाही. इकडे धेंपोच्या मागे राहिलेल्या मिनर्व्हालाही अव्वल वर्गात प्रवेश मिळाला, आणि २०१७-१८ चे अजिंक्यपद त्याने नेले. त्याच संघाचा पुढचा अवतार पंजाब एफसी २०२३ मध्ये खेळाच्या बळावर सुपर लीगमध्ये चढला, आणि तसा चढलेला तो पहिला क्लब ठरला. धेंपो गेला नसता तर त्याने हेच केले असते, असे मी म्हणत नाही. तसे म्हणण्यास आधार नाही. परंतु जे दार कायमचे बंद होणार म्हणून तो परतला, ते सात वर्षांनी उघडले, आणि उघडले तेव्हा उंबरठ्यावर त्याचाच उपविजेता उभा होता.

मधल्या काळात माणसे पांगली. क्लिफर्ड मिरांडा प्रशिक्षक झाले आणि एप्रिल २०२३ मध्ये त्यांच्या ओडिशा एफसीने सुपर चषक जिंकला. समीर नाईक मात्र आपल्या जुन्या क्लबातच राहिले, आणि त्यांच्याच प्रशिक्षणाखाली धेंपोने पुन्हा एकवार द्वितीय श्रेणीचा रस्ता धरला. २०२३-२४ मध्ये बंगळूरच्या स्पोर्टिंग क्लबामागे तो दुसरा आला. या वेळी बढती दोघांना होती. अशा रीतीने २०१६ मध्ये सोडलेल्या आय-लीगमध्ये क्लब आठ वर्षांनी दाखल झाला, तीही आता रीतसर दुसऱ्या पायरीची स्पर्धा झालेली असताना. २०२४-२५ च्या हंगामात त्याने आपली जागा राखली. पुढच्या जुलैमध्ये महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातील कराराचा तंटा न मिटल्यामुळे खुद्द सुपर लीगच स्थगित ठेवल्याची बातमी आली, तीही बऱ्याच ठिकाणी आतल्या पानावर.