वांझ गवत्या व त्याची पारख

आपल्या तळ्यांत रोहू-कटल्याच्या जोडीनें सोडला जाणारा गवत्या मासा मूळचा पूर्व आशियांतील नद्यांचा. भारतांत तो १९५९ सालीं कटक येथें आणला गेला. अमेरिकेंत १९६३ सालीं पोहोंचला. पाण्यांतील तण खाऊन तळीं व कालवे मोकळे ठेवतो, हा त्याचा मोठा उपयोग. परंतु नदींत शिरून तो वाढला, तर इतर माशांच्या आसऱ्याची वनस्पतिही फस्त करील, हें भय तेथें लवकरच वाटूं लागलें. म्हणून १९८० नंतरच्या दशकांत तेथें वांझ गवत्या विक्रीस आला, आणि कित्येक संस्थानांत तेवढाच सोडण्याची मुभा ठेवली गेली.

हें वांझपण आमच्या केळी बागाइतदारांस समजण्यास अवघड नाहीं. बसराई केळांत बीं धरत नाहीं, कारण तिच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन ऐवजीं तीन संच, म्हणजे ३३ गुणसूत्रें असतात. आनुवंशिक गुण वाहणारे हे सूक्ष्म धागे अंडें अगर रेत तयार होतांना जोडीजोडीनें लागतात व मग दोन बाजूंस वांटले जातात. तिघे असले कीं वांटणी बिघडते, आणि कमीजास्त गुणसूत्रांचा गर्भ बहुधा जगत नाहीं.

गवत्याचीं गुणसूत्रें ४८. मादीनें टाकलेल्या अंड्यांत दोन संचांइतकें द्रव्य असतें. रेत शिरल्यावर अंडें त्यांतील निम्में बाहेर टाकतें. फलनानंतर थोड्याच मिनिटांत अंड्यांवर हवेच्या सुमारें पांचशेपट दाब मिनिट-दीड मिनिट दिला, कीं टाकावयाचा संच आंतच राहतो व मासा ७२ गुणसूत्रांचा होतो.

मात्र संच वाढले म्हणजे वांझपण आलेंच, असा समज कोणी करून घेऊं नये. सायप्रिनसचीं गुणसूत्रें सुमारें १००, रोहूच्या दुप्पट आहेत; त्याच्या पूर्वजांचे संच पुरातन काळींच दुणावले. तरी तो हौदांतसुद्धां अंडीं घालतो, कारण तेथें प्रत्येकास जोडीदार मिळतो. विषम संख्येनेंच घात होतो.

व्यवहारांतील खरी अडचण निराळी आहे. दाब प्रत्येक अंड्यास लागू पडतोच असें नाहीं, आणि दोन संचांचा साधा मासा व वांझ मासा डोळ्यांनीं निवडतां येत नाहीं. यासाठीं तेथील उत्पादक प्रत्येक माशाच्या रक्ताचा थेंब तपासतात. माशाच्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक असतें. वांझ माशांत तें सुमारें दीडपट भरतें व यंत्रानें मोजतां येतें. नंतर सरकारी निरीक्षक त्यांतले १२० मासे पुन्हां पाहतात. एक जरी साधा निघाला तरी सर्व माल नाकारला जातो. ही कडक तपासणी आम्हांस अवाजवी वाटत नाहीं. इरी सरोवरास मिळणाऱ्या सॅन्डस्की नदींत गवत्याची नैसर्गिक पैदास झाल्याचें २०१३ सालीं जाहीर झालें. ते मासे साधेच होते.

वांझ मासाही भुकेला कमी नसतो, व वर्षानुवर्षें जगतो. तेव्हां तळ्यांतील तण पाहूनच किती मासे सोडावयाचे तें ठरवावें लागतें. कोणी ‘वांझ बोटुकली’ म्हणून विकावयास आणल्यास, मासा न् मासा तपासला आहे काय, हें सभासदांनीं पैसे देण्यापूर्वीं विचारावें.